परदेशात राहून गावच्या सातबाऱ्यावर वारस नोंद कशी लावायची

गावची जमीन अजून आजोबांच्या नावावर, वडीलही गेलेले, तुम्ही लंडन, दुबई नाहीतर न्यू जर्सीत, आणि चुलतभावाचा निरोप येतोय की "नावं लावून घ्या, पुढं अडचण येईल." अशा अवस्थेत असाल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मी हे सगळं इंग्लंडमधून केलं आहे. माहिती मिळत नाही असं नाही, पण ती तुकड्यातुकड्यांत मिळते आणि प्रत्येक सांगणारा आपल्या गावचा अनुभव म्हणजेच कायदा समजून सांगतो. मी वकील नाही. भाऊबंदकी जुनी असेल किंवा जमीन हायवेला लागून असेल तर वकील लावाच. इथलं सगळं महाराष्ट्रातल्या शेतजमिनीबद्दल आहे. गोव्याचं शेवटी थोडक्यात सांगतो.

१. आधी सातबारा म्हणजे काय ते समजून घ्या

परदेशात घर घेतलेल्या माणसाची इथेच गफलत होते. इंग्लंडमध्ये लँड रजिस्ट्रीत नाव लागलं की ती नोंद हीच मालकी. नोंदीतल्या चुकीमुळे नुकसान झालं तर भरपाईची तरतूदही कायद्यातच आहे. ऑस्ट्रेलियातली पद्धत तशीच. रॉबर्ट टॉरेन्स यांनी १८५८ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात ती कायद्यात आणली आणि पुढे जगभर ती त्यांच्याच नावाने ओळखली गेली. अमेरिकेत चाल निराळी: काउंटीच्या कचेरीत दस्त नोंदवले जातात, पण मालकीची हमी सरकार घेत नाही, म्हणून लोक टायटल इन्शुरन्स काढतात. आपली पद्धत अमेरिकेच्या जवळची आहे, फक्त तो विमा आपल्याकडे रुळलेला नाही.

सातबारा हा मुळात महसुलाचा कागद. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे त्यावरची नोंद खरी मानली जाते, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. फेरफाराने, म्हणजे उताऱ्यावरची नावं बदलणाऱ्या नोंदीने, मालकी मिळत नाही आणि जातही नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितलं आहे. म्हणजे तुमचं नाव अजून लागलं नाही म्हणून वारसा बुडाला असं नाही, आणि चुलत्याने एकट्याचंच नाव लावून घेतलं म्हणून जमीन त्याची झाली असंही नाही.

मग एवढी धडपड कशाला? कारण नावाशिवाय काहीच हलत नाही. मोजणी, पीककर्ज, भूसंपादनाचा मोबदला, विक्री, सगळीकडे पहिला प्रश्न सातबाऱ्याचाच. आणि भांडण कोर्टात गेलंच, तर चाळीस वर्षं एकाच माणसाचं नाव असलेला उतारा खोडून काढणं सोपं नसतं.

एक चित्र डोक्यात ठेवा. दस्त दुय्यम निबंधकाकडे, सातबारा तलाठी आणि तहसीलदारांकडे, नकाशा भूमी अभिलेख कार्यालयात आणि वाद दिवाणी न्यायालयात. यातला एकही कागद एकट्याच्या जोरावर तुमची मालकी सिद्ध करत नाही. सगळ्या कागदांत नावं, क्षेत्र आणि गट नंबर जुळले पाहिजेत. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या जुळवाजुळवीसाठीच आहेत.

२. जमीन नक्की कुठे आणि किती, ते काढा

घरच्यांच्या आठवणीवर विसंबू नका. "ओढ्याकाठचं शेत" आणि "आंब्याचा मळा" हे एकाच गटात निघतात, किंवा तिसरंच एखादं शेत असतं ज्याचा कधी विषयच निघालेला नसतो.

महाभूलेखच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडून नावाने किंवा आडनावाने शोधता येतं. तिथला उतारा फुकट दिसतो, पण तो फक्त पाहण्यापुरता. कामाला डिजिटल सहीचा उतारा लागतो. तो डिजिटल सातबाराच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. पहिल्यांदा आठ-अ काढा. एका खातेदाराची त्या गावातली सगळी जमीन त्यात एकत्र दिसते. आठ-अ गावापुरताच असतो, म्हणून आजीच्या माहेरचं गाव, इनामाचं गाव, जिथे जिथे जमीन असल्याचं ऐकलंय तिथे तिथे शोध घ्या. प्रत्येक नाव दोनतीन प्रकारे घालून पाहा. "रामचंद्र" काही उताऱ्यांवर "रामा" असतो, आणि आजोबांच्या पिढीत आडनावाऐवजी गावावरून नाव लावायची पद्धतही होती.

आठ-अ मधल्या प्रत्येक गटाचा सातबारा काढा, आणि सातबाऱ्यावर ज्या फेरफारांचे नंबर आहेत ते फेरफारही. जुने हस्तलिखित फेरफार स्कॅन करून ऑनलाइन ठेवलेले आहेत. तिथे नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करावा लागतो. हे काम कंटाळवाणं आहे, पण खरी माहिती तिथेच असते. नाव केव्हा आलं, कशामुळे आलं, कोणाचं नाव कधी कमी झालं, हे सगळं फेरफारात लिहिलेलं असतं. देशावर बऱ्याच ठिकाणी एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, तेव्हा क्षेत्रात आणि हद्दीत झालेल्या चुका आजही लोक निस्तरत आहेत. म्हणून जुना नंबर आणि नवा नंबर शेजारी शेजारी लिहून ठेवा.

गावठाणातलं घर सातबाऱ्यावर सापडणार नाही. त्यासाठी ग्रामपंचायतीचा नमुना आठ आणि, गावठाणाची मोजणी झाली असेल तर, मालमत्ता पत्रक. त्याची वारस नोंद वेगळी करावी लागते. शेताची झाली म्हणजे घराची झाली असं समजून कितीतरी जण गप्प बसतात.

३. उतारा वाचायला शिका

वरचा भाग म्हणजे गाव नमुना सात, हक्काचा. खालचा बारा, पिकांचा. क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटरमध्ये असतं. एक आर म्हणजे ढोबळमानाने एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. पोटखराब म्हणजे लागवडीखाली न येणारा भाग. तोही तुमचाच असतो, हिशेबातून सोडू नका.

कंसात टाकलेलं नाव म्हणजे कमी झालेलं नाव. ते कोणत्या फेरफाराने कमी झालं ते बघा. नावापुढे "ए.कु.मॅ." असेल तर तो माणूस एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागलेला आहे, एकटा मालक म्हणून नव्हे, बाकीच्या भावांची नावं त्याच्यामागे दडलेली असतात. "अ.पा.क." म्हणजे अज्ञान पालनकर्ता: वारस लहान होता म्हणून आईचं किंवा काकाचं नाव लावलं, आणि तो पन्नाशीला आला तरी शेरा तसाच आहे. दोन्ही शेरे अर्ज करून काढता येतात.

भूधारणा पद्धतीचा रकाना सगळ्यात आधी पाहायचा. भोगवटादार वर्ग १ असेल तर विकायला सहसा आडकाठी नसते. वर्ग २ असेल तर ती जमीन कधीकाळी इनाम, वतन, सरकारी वाटप किंवा कूळकायद्याखाली मिळालेली असते आणि सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तिचा व्यवहार होत नाही. वारस नोंदीला मात्र वर्ग २ आड येत नाही.

इतर हक्कांच्या रकान्यात बोजे, विहिरीतला हिस्सा, वहिवाटीची वाट आणि कुळं असतात. फेडलेल्या सोसायटी कर्जाचा बोजा वीस वर्षांनीही तिथे लटकत असतो. सोसायटीचा दाखला जोडून तो उतरवून घ्या. कुळाचं नाव दिसलं तर मात्र थांबा आणि जाणकाराला दाखवा. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कसणारं कूळ कायद्याने जमिनीचं मालक मानलं गेलं. मालक मुंबईत आणि शेत कुळाकडे अशी कोकणात कितीतरी घरं होती. तिथले नातू आजही ज्या जमिनीला "आमची" म्हणतात, ती प्रत्यक्षात साठ वर्षांपूर्वीच दुसऱ्याची झालेली असू शकते. ते कबूल करायला जड जातं, पण लवकर कळलेलं बरं.

४. वारस कोण, याची यादी प्रामाणिकपणे करा

हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना हिंदू वारसा कायदा, १९५६ लागू होतो. मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांचे नियम निराळे आहेत. मृत्युपत्र नसताना पुरुष वारला, तर पहिल्या वर्गाचे वारस म्हणजे पत्नी, मुलगे, मुली आणि आई. आधीच वारलेल्या मुलाची किंवा मुलीची मुलं त्यांच्या जागी येतात. वडील गेले, मागे आई, आजी, दोन मुलगे आणि एक मुलगी असली तर वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीचे पाच सारखे हिस्से होतात. आजीचं नाव घालायचं राहून जाणं ही अगदी नेहमीची चूक. जमीन वडिलोपार्जित असेल तर हिस्से काढायची रीत बदलते, तिथे वकिलाला विचारा. तलाठी हिस्से ठरवत नाही, तो वारसांची नावं लावतो.

मुलींबद्दल गावात अजूनही "तिला लग्नात दिलंय" हे ऐकायला मिळेल. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत सहहिस्सेदार केलं, देशभर तो बदल ९ सप्टेंबर २००५ पासून आला, आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. बहीण किंवा आत्या यांना यादीतून वगळून केलेली नोंद आज होईलही, पण उद्या तिचा मुलगा हरकत घेईल आणि मधल्या काळात झालेले सगळे व्यवहार त्यात अडकतील. नाव लावा. तिला हक्क सोडायचा असेल तर ती नंतर सोडेल. त्याचा मार्ग खाली दिला आहे.

उतारा आजोबांच्या नावावर आणि वडीलही वारलेले असतील तर दोन पिढ्यांच्या नोंदी लागतात: आधी आजोबांचे सगळे वारस, आत्या धरून, आणि मग वडिलांचे. वंशावळ कागदावर काढा. वारल्याची तारीख प्रत्येकापुढे लिहा.

५. कागद जमवा

यादी तालुक्यागणिक थोडी बदलते, म्हणून तलाठी कार्यालयात आधी विचारून घ्या. एवढं मात्र लागतंच:

- मृत्यूचा दाखला, मधल्या पिढीतल्या प्रत्येकाचा
- सातबारा आणि आठ-अ
- सर्व वारसांची नावं, वयं, पत्ते आणि फोन नंबर असलेला अर्ज
- वारसांबाबतचं प्रतिज्ञापत्र, वंशावळीसह
- वारसांचे ओळखपत्र. आधार नसलेल्यांचा पासपोर्ट किंवा ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळतं ते)
- मृत्युपत्र असेल तर ते
- तुमच्या वतीने कोणी धावपळ करणार असेल तर मुखत्यारपत्र

आजोबांच्या मृत्यूची नोंदच झालेली नसेल तर पहिला अडथळा तोच. एका वर्षापेक्षा जुन्या मृत्यूची नोंद दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने करून घ्यावी लागते. हे काम आधी सुरू करा, बाकीचं त्याच्या मागून होईल. परदेशात मृत्यू झाला असेल तर तिथला दाखला आणि त्यावर अपोस्टील (कागद खरा असल्याचा, आंतरराष्ट्रीय कराराखालचा शिक्का) किंवा भारतीय दूतावासाचं साक्षांकन घ्या.

दाखल्यावर एक नाव, सातबाऱ्यावर दुसरं, पासपोर्टवर तिसरं असं असेल तर ही सगळी नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करा. उताऱ्यावरची चूक नकलताना झालेली असेल तर संहितेच्या कलम १५५ खाली लेखनप्रमाद दुरुस्तीचा अर्ज तहसीलदारांकडे करता येतो.

वारस नोंदीसाठी कोर्टाचं "सक्सेशन सर्टिफिकेट" आणा असं कोणी म्हटलं तर थबकून विचारा. ते बँकेतल्या ठेवी, शेअर, येणी यांच्यासाठी असतं, जमिनीसाठी नव्हे. वारसांबद्दल वाद असेल तेव्हा मुंबई विनियम ८, १८२७ खाली दिवाणी न्यायालयाचं वारस प्रमाणपत्र उपयोगी पडतं. वाद नसेल तर साध्या वारस नोंदीला कोर्टाची पायरी चढावी लागत नाही.

६. मुखत्यारपत्र बेतानं लिहा

तुम्ही ज्या देशात आहात तिथल्या भारतीय वकिलातीत सही करून साक्षांकित करून घ्या, किंवा तिथल्या नोटरीसमोर करून त्यावर अपोस्टील घ्या. अपोस्टीलचा मार्ग ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया इथे चालतो. संयुक्त अरब अमिरात अपोस्टीलच्या करारात नाही, म्हणून दुबईकरांनी वकिलातीतच जावं. कागद भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर महाराष्ट्राचं मुद्रांक शुल्क भरायचं असतं. ही मुदत हमखास विसरली जाते, कारण कागद आला की सगळ्यांना वाटतं काम झालं.

मजकुरात फक्त लागणारे अधिकार द्या: अर्ज करणं, नोटीस घेणं, सुनावणीला हजर राहणं, मोजणीचा अर्ज करणं. विक्रीचा, गहाणाचा, हक्कसोडीचा अधिकार नको. गट नंबर लिहा, मुदत लिहा. तयार नमुन्यात "सर्व प्रकारचे व्यवहार करण्याचा" असा परिच्छेद असतो, तो खोडा. भाऊ कितीही सख्खा असला तरी खोडा. त्याच्यावर दबाव आणणारे दुसरेच कोणी असू शकतात.

७. अर्ज करा आणि नोंदीचा पाठलाग करा

कायद्याप्रमाणे हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत वर्दी द्यायची असते. उशीर झाला म्हणून नोंद नाकारली जात नाही, तेव्हा वीस वर्षं झाली तरी घाबरू नका. अर्ज तलाठी कार्यालयात देता येतो (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात तलाठीच म्हणतात) किंवा ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइन. ऑनलाइन अर्जाचा मोठा फायदा म्हणजे अर्ज क्रमांक मिळतो आणि "तुमचा कागद आलाच नाही" हे उत्तर बंद होतं. हाताने दिलात तर पोच घ्या. ओटीपीसाठी भारतातला एक मोबाइल नंबर चालू ठेवा.

पुढचा क्रम असा: तलाठी चौकशी करून वारसांची नोंद गाव नमुना सहा-क या वारसांच्या वहीत घेतो, मग गाव नमुना सहा या फेरफारांच्या वहीत फेरफार धरतो, हितसंबंधितांना नोटिसा निघतात, हरकतीसाठी पंधरा दिवस जातात आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. त्यानंतर सातबारा बदलतो. प्रत्यक्षात गाडी दोन जागी अडते. एक, परदेशातल्या वारसाला नोटीस बजावणं. म्हणून सर्व वारसांचे संमतीचे जबाब किंवा प्रतिज्ञापत्रं आधीच जोडा. दुसरी जागा मंडळ अधिकाऱ्यांच्या टेबलावर, तिथे मुखत्याराने जाऊन विचारत राहणं याला पर्याय नाही. "आपली चावडी" या सरकारी संकेतस्थळावर गावातल्या चालू फेरफारांच्या नोटिसा दिसतात. आपली नोंद कुठवर आली ते तिथे बघा, आणि आपल्या गटावर दुसऱ्याच कोणी काही फेरफार टाकलाय का हेही.

कोणी "फी" मागितली तर पावती मागा. पावती मागितल्यावर रक्कम बहुधा विसरली जाते.

हरकत आली तर नोंद विवादग्रस्त होते आणि सुनावणी लागते. निर्णय विरुद्ध गेला तर साठ दिवसांत प्रांताधिकाऱ्यांकडे अपील. परदेशात बसून ही मुदत निसटते, म्हणून निकालाची प्रत लगेच मागवा. पुढची पायरी दिवाणी दावा, आणि मालकीचा खरा निकाल तिथेच लागतो.

नोंद प्रमाणित झाली की नवा उतारा काढून प्रत्येक नावाचं अक्षरन् अक्षर तपासा.

८. वाटणी आणि हक्कसोड

वारस नोंदीनंतर जमीन सामाईक असते. कोणाचा कोणता बांध हे उतारा सांगत नाही. सगळ्यांची संमती असेल तर संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून वाटप करून घेता येतं, किंवा नोंदणीकृत वाटणीपत्र करता येतं. बहिणीला हक्क सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. शंभर-पाचशेच्या स्टँपवर नोटरी केलेलं हक्कसोडपत्र घेऊन तलाठ्याकडे जाणारे खूप भेटतात. कायद्यासमोर त्याला किंमत नाही. वाटणी झाल्यावर पोटहिश्श्याची मोजणी मागा आणि भूमी अभिलेख कार्यालयाकडून "क" प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, घ्या. खुणा दाखवताना लगतचे शेतकरी हजर असले पाहिजेत, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात बांध पुन्हा सरकतो.

९. परदेशस्थांचे खास खड्डे

अनिवासी भारतीय किंवा ओसीआय कार्डधारक शेतजमीन विकत घेऊ शकत नाही, बक्षीसपत्रानेही घेऊ शकत नाही. वारशाने मात्र ती येऊ शकते. सातबाऱ्यावर नाव लागून शेतकरी झालात म्हणून शेजारचा गट घ्यायला जाल तर परकीय चलनाच्या नियमांत अडकाल. निःसंतान काकांनी "तुझ्या नावे करून देतो" म्हटलं तर बक्षीसपत्राऐवजी मृत्युपत्र करायला सांगा.

विकताना खरेदीदार भारतात राहणारा भारतीय नागरिक हवा, आणि कूळकायद्यामुळे महाराष्ट्रात तो साधारणपणे शेतकरीही असावा लागतो. पैसे एनआरओ खात्यात (अनिवासी भारतीयांचं भारतातलं रुपयांचं खातं) घ्यावेत. तिथून बाहेर नेण्याची मर्यादा आर्थिक वर्षाला १० लाख डॉलर आहे आणि त्यासाठी चार्टर्ड अकाउंटंटकडून आयकराचे फॉर्म करावे लागतात.

जमीन कोणी कसायला घेतली असेल तर वर्षावर्षाचा लेखी करार ठेवा. खासगी जमिनीवर बारा वर्षं मालकाच्या विरोधात उघड ताबा राहिला तर मुदतीच्या कायद्याखाली मालकाचा दावा बुडू शकतो. पीकपाहणीत कोणाचं नाव येतंय हे दर हंगामात सातबारा उघडून पाहा.

१०. गोव्यात जमीन असेल तर

वरचं बरंचसं बाजूला ठेवा. गोव्यात पोर्तुगीज वळणाचा नागरी कायदा आहे. वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची मिळकत एकत्र धरली जाते आणि निम्मा वाटा हयात जोडीदाराचाच असतो. म्हणून वारसांबरोबर त्यांच्या जोडीदारांच्याही सह्या लागतात, जावई-सुना सगळ्यांच्या. वारस ठरतात ते विशेष नोटरीसमोरच्या वारसा दस्ताने, आणि वाटणी एकमताने होत नसेल तर कोर्टातल्या इन्व्हेंटरीने, म्हणजे मिळकतीची यादी करून वाटणी करण्याच्या कामकाजाने. २०१२ च्या कायद्यात दोन्ही आहेत. उतारा सातबारा नसून नमुना १ व १४ असतो आणि फेरफाराचा अर्ज मामलेदारांकडे जातो. लंडनला कामावर असलेला भाऊ आणि मडगावला राहणारी त्याची बायको, अशा घरात दोघांची मुखत्यारपत्रं एकदमच मागवा.